नाडी बेताल, ताण ‘अत्यल्प’: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

साधारण साडेचारशे माणसं काम करत असलेल्या एका संस्थेने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी हृदयाची आणि ताणाची तपासणी ठेवली. आदल्या वर्षी एका सहकाऱ्याला कामावर असतानाच हृदयविकाराचा झटका आला होता. त्यानंतर ‘हे आधी कळायला हवं होतं’ असं प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी म्हणत होतं. त्या तळमळीतूनच हा उपक्रम सुरू झाला. संस्थेचं क्षेत्र आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. आरोग्य सल्लागार म्हणून मी यात सामील झालो तो खाली सांगितलेल्या प्रसंगानंतर.

उपकरण साधं होतं. बोटाला लावायचा प्रकाशाचा सेन्सर आणि त्याला जोडलेला टॅबलेट. तीन मिनिटं शांत बसलं की पडद्यावर तीन गोष्टी दिसत: नाडीचा वेग, ‘हृदय आरोग्य’ या नावाखाली शंभरपैकी गुण, आणि हिरव्या-पिवळ्या-लाल पट्टीवरचा ‘ताण निर्देशांक’. रक्तदाब संस्थेच्या आरोग्य कक्षातल्या सिस्टर वेगळा मोजत. पट्टी लाल आली तर समुपदेशकाची वेळ द्यायची, पिवळी आली तर झोप आणि व्यायामाचं माहितीपत्रक, हिरवी आली तर काही नाही. सिग्नल नीट आला नाही तर ‘पुन्हा मोजा’ एवढीच सूचना होती.

एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवायला हवी, कारण ती खरेदीच्या चर्चेत कुठेच आली नाही. हृदयविकाराचा झटका येतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडथळा झाल्यामुळे. बोटावरच्या नाडीवरून असा अडथळा ओळखता येत नाही. म्हणजे ज्या घटनेमुळे हे उपकरण आणलं गेलं, तशी घटना आधी कळवणं या उपकरणाच्या आवाक्यातलंच नव्हतं. गुणांना ‘हृदय आरोग्य’ हे नाव असल्यामुळे ही मर्यादा झाकली गेली.

समस्या

लेखा विभागातल्या एक ज्येष्ठ सहकारी तपासणीला आल्या. वय ५८. रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह बारा वर्षांपासूनचा. काही आठवड्यांपासून जिना चढताना दम लागत होता आणि दुपारनंतर अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटत होतं. वर्षअखेरीचे हिशेब चालू होते. त्यामुळे विभागातल्या सगळ्यांनी, आणि त्यांनी स्वतःही, हे कामाच्या ताणावर ढकललं होतं.

उपकरणाने दोनदा ‘सिग्नल अस्थिर, पुन्हा मोजा’ असं सांगितलं. तिसऱ्यांदा निकाल आला: नाडी ८८, हृदय आरोग्य ९१, ताण ‘अत्यल्प’, पट्टी गडद हिरवी. त्या खूश झाल्या. ताण नाही म्हटल्यावर थकवा वयामुळे असणार, असा निष्कर्षही त्यांनी तिथेच काढून टाकला.

सिस्टरांनी मात्र त्यांना उठू दिलं नाही. दोनदा सिग्नल का तुटला, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी मनगटावर बोटं ठेवली आणि पूर्ण मिनिटभर नाडी मोजली.

‘सिस्टर, मशीनने तर सगळं छान सांगितलंय.’

‘हो ताई, वाचलं मी. पण नाडी मला सारखी लागत नाहीये. जरा बसा, स्टेथोस्कोप लावून बघते.’

मनगटावर ९० ठोके भरले, छातीवर ऐकल्यावर ११२. ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं, त्यात कुठलीच लय नाही. रक्तदाब १४८/८६. छातीत दुखत नव्हतं, चक्कर आलेली नव्हती, बसल्या जागी दम नव्हता.



यंत्राने नेमकं काय मोजलं

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

सेन्सर त्वचेवर प्रकाश टाकतो. प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातलं रक्त वाढतं, प्रकाश जास्त शोषला जातो, आणि त्या चढ-उतारातून नाडीची लाट मिळते. दोन लाटांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजलं जातं. निरोगी माणसाची नाडी घड्याळासारखी एकसारखी कधीच नसते. श्वास आत घेताना ती किंचित वेगावते, सोडताना मंदावते. विश्रांतीच्या वेळी हा फरक वाढतो. चिंता, ताप, अपुरी झोप किंवा नुकतेच चढलेले जिने यांमुळे तो आक्रसतो. या फरकाला हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात, बोलताना सगळे ‘एचआरव्ही’च म्हणतात. ताण मोजणारी बहुतेक उपकरणं हिच्यावर चालतात. परिवर्तनशीलता जास्त, तर ताण कमी.

सोव्हिएत अंतराळ-वैद्यकात काम केलेल्या रोमन बायेव्स्की यांचा ‘स्ट्रेस इंडेक्स’ही याच तत्त्वावर आहे. ठोक्यांमधली बरीचशी अंतरं एकाच मूल्याभोवती गोळा झाली की निर्देशांक चढतो, पसरली की उतरतो.

आता अलिंदांचं कंपन, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असलेलं हृदय घ्या. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांपर्यंत ठोके वाटेल तसे पोचतात. अंतरं सगळीकडे पसरतात. हा पसारा विकाराचा आहे की निवांतपणाचा, हे सूत्राला कळत नाही. त्याला फक्त प्रचंड परिवर्तनशीलता दिसते आणि ते ‘ताण अत्यल्प’ असं उत्तर देतं. सूत्र चुकलेलं नसतं. नियमित लय असलेल्या हृदयासाठी बनवलेलं सूत्र अनियमित हृदयावर वापरलेलं असतं. युरोपीय आणि उत्तर अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संयुक्त कृतिगटाने १९९६ मध्ये एचआरव्ही मोजण्याचे निकष घालून दिले. सामान्य लयीचे ठोके वेगळे काढून त्यांच्यातलीच अंतरं मोजायची आणि अल्पकालीन नोंद पाच मिनिटांची घ्यायची, हे त्यात स्पष्ट आहे. या उपकरणात ती चाळणी जेमतेम होती, नोंद तीन मिनिटांची होती, आणि सलग तीन प्रयत्न झाले की ते मिळेल त्या तुकड्यावर निकाल देऊन मोकळं होत होतं.

टॅबलेटच्या आतल्या पडद्यावर परिवर्तनशीलतेचा एक आकडा होता: ११८ मिलिसेकंद. तो कुणी उघडून पाहत नव्हतं. पन्नाशीच्या पुढे हा आकडा साधारण वीस-तीसच्या घरात असतो. शिवाय दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाच्या नसांवर परिणाम होऊन तो आणखी खाली येण्याची शक्यता असते. अठ्ठावन्न वर्षांच्या, बारा वर्षं मधुमेह असलेल्या व्यक्तीचा आकडा पंचविशीतल्या खेळाडूसारखा यावा, ही आनंदाची बातमी नव्हे. तिथेच थांबून विचारायला हवं होतं.

मनगट आणि छातीवरच्या मोजणीत २२ ठोक्यांचा फरक पडला, त्याचंही कारण हेच. दोन ठोके फार जवळ आले की मधे हृदय पुरतं भरत नाही आणि दुसरा ठोका इतका क्षीण पडतो की तो मनगटापर्यंत पोचत नाही. बोटावरचा सेन्सर असे ठोके मोजू शकत नाही. म्हणून ८८ ही नाडी दिसायला सौम्य होती, हृदय त्याहून बरंच जोरात धावत होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय यंत्राचा निकाल मान्य करून थकव्यासाठी महिनाभर वाट पाहण्याचा. लिखित नियमांप्रमाणे हेच बरोबर ठरलं असतं.

दुसरा, चौथ्यांदा मोजण्याचा. हा पर्याय निरुपद्रवी वाटतो. पण पुन्हा पुन्हा मोजून शेवटी एक ‘चांगली’ नोंद मिळवण्यात धोका असा की मधल्या फसलेल्या नोंदी कचरा ठरतात. सिग्नल तुटण्याचं कारण गार बोट किंवा हालचाल असू शकतं, तसंच अनियमित लयही असू शकतं. तुटलेला सिग्नल हीसुद्धा एक नोंदच आहे.

तिसरा पर्याय एका उत्साही सहकाऱ्याने पुढे केला. त्याच्या स्मार्टवॉचमध्ये तीस सेकंदांचा ईसीजी काढता येत होता. तो काढलाही. घड्याळाने ‘निष्कर्ष काढता आला नाही’ असं उत्तर दिलं. घड्याळातला ईसीजी एकाच दिशेने हृदयाकडे पाहतो. त्यावर अलिंदांचं कंपन दिसू शकतं आणि तीस सेकंदांची स्वच्छ पट्टी डॉक्टरांनी वाचली तर ती निदानाला पुरेशी मानली जाते. पण घड्याळाच्या अल्गोरिदमने हात वर केले म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

चौथा, त्याच दिवशी रुग्णालयात बारा लीडचा, म्हणजे बारा दिशांनी हृदयाकडे पाहणारा, पूर्ण ईसीजी.

पाचवा, थेट रुग्णवाहिका. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, बसल्या जागी दम, बोलताना जीभ जड होणं किंवा हातपाय लुळे पडणं यांपैकी एक जरी लक्षण असतं, तर बाकीचे पर्याय चर्चेलाच आले नसते.

काय केलं

त्याच दुपारी त्यांना रुग्णालयात पाठवायचं ठरलं. सोबत विभागातली एक सहकारी गेली. सिस्टरांनी चिठ्ठीत यंत्राचे गुण लिहिले नाहीत. मनगटाचे आणि छातीचे ठोके, रक्तदाब, दोन जुने आजार, चालू औषधं आणि थकवा कधीपासून, एवढंच लिहिलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातात ‘ताण अत्यल्प, हृदय आरोग्य ९१’ असा रंगीत कागद पडला असता, तर निदान लांबलं असतंच असं नाही. पण तो कागद त्यांच्या निर्णयाला काहीच मदत करणारा नव्हता.

ईसीजीमध्ये अलिंदांचं कंपन स्पष्ट होतं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा अलिंद थोडा मोठा, झडपा ठीक, पंपिंग चांगलं. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या सामान्य.

या विकाराची मुख्य भीती पक्षाघाताची. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घकालीन अभ्यासात या विकारामुळे पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट होतो असं दिसलं. धोका प्रत्येकाचा सारखा नसतो, म्हणून गुणांकन करतात. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे उच्च रक्तदाबाचा एक आणि मधुमेहाचा एक असे त्यांचे दोन गुण झाले. दोन किंवा अधिक गुणांना गुठळीरोधक औषध देण्याची शिफारस आहे. ते सुरू झालं, सोबत ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी. कंपन कधी सुरू झालं हे कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे लगेच शॉक देऊन लय परत आणणं सुरक्षित नव्हतं. गुठळी आधीच झालेली असली तर लय परतल्यावर ती सुटण्याचा धोका असतो. किमान तीन आठवडे गुठळीरोधक औषध घेतल्यावर लय पूर्ववत करण्यात आली, आणि औषध त्यानंतरही चालू राहिलं. घोरण्याचा इतिहास असल्यामुळे झोपेतल्या श्वासाचीही तपासणी झाली.

संस्थेच्या बाजूने दोन कामं झाली. ‘सिग्नल अस्थिर’ आलेल्या तीसेक जणांना परत बोलावून सिस्टरांनी हाताने नाडी पाहिली. बहुतेकांची बोटं गार होती किंवा त्यांनी हालचाल केली होती. दोघांना मधेच एखादा जादा ठोका पडत होता, त्यांचे ईसीजी काढले आणि काळजीचं काही निघालं नाही. एकाला अलिंदांचं कंपन आधीपासूनच माहीत होतं आणि उपचारही चालू होते. त्याचीही पट्टी गडद हिरवी होती.

दुसरं काम लाल पट्टीच्या लोकांचं. त्यातल्या एका तरुणाने निकाल पाहून दोन रात्री झोप घालवली होती. तपासणीच्या आधी तो चार जिने धावत चढून आला होता, वर दोन कप कॉफी घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. त्याला ताण होता की नव्हता, हे त्या आकड्यावरून कधीच कळलं नसतं. त्याला विचारल्यावर कळलं. नव्हता. निकालानंतर मात्र आला.

निष्पत्ती

लय परत आल्यावर बाईंचा दम गेला, दुपारचा थकवा बराच उतरला. काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून पुन्हा त्या सेन्सरवर बोट ठेवलं. या वेळी सिग्नल पहिल्याच फटक्यात आला. परिवर्तनशीलता १९, ताण ‘जास्त’, पट्टी लाल.

त्या घाबरून आरोग्य कक्षात आल्या. ‘बरी झाले म्हणता आणि हे बघा काय दाखवतंय.’

या प्रकरणातला हा क्षण मला सगळ्यात बोलका वाटतो. आजार असताना हिरवा आणि उपचारानंतर लाल. दोन्ही वेळा यंत्राने अंतरं बहुधा बरोबरच मोजली होती. आता लय नियमित होती, आणि वय व मधुमेह यांमुळे १९ हा आकडा अपेक्षितच होता. सिस्टरांनी त्यांना दोन्ही नोंदींचे आलेख शेजारी ठेवून दाखवले: एकात वाकडंतिकडं पसरलेले ठिपके, दुसऱ्यात एका रेषेत बसलेले. ते पाहिल्यावर त्यांना उमगलं. पण अशा समजुतीची सोय प्रत्येक ठिकाणी नसते, आणि एखादा माणूस हिरवी पट्टी परत मिळवायला औषध सोडण्याचा विचारही करू शकतो.

यानंतर व्यवस्थापनाने सुचवलं की सगळ्यांना मनगटावरचं उपकरण द्यावं, म्हणजे लक्ष सतत राहील. त्यावर बरीच चर्चा झाली. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक होते आणि अनियमित नाडीचा इशारा त्यातल्या ०.५२ टक्क्यांनाच मिळाला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर ईसीजीची पट्टी छातीवर लावून परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत कंपन सापडलं. उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असं म्हणता येत नाही. कंपन येतं-जातं आणि पट्टी उशिरा लागली होती. तरीही प्रत्येक इशाऱ्यामागे तपासण्या, खर्च आणि धास्ती येते, हे खरंच. डेन्मार्कमधल्या लूप अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या, धोका जास्त असलेल्या लोकांच्या त्वचेखाली नोंदयंत्र बसवलं. कंपन जवळपास ३२ टक्क्यांत सापडलं, नेहमीच्या देखरेखीत १२ टक्क्यांत. पण पक्षाघातात निःसंदिग्ध घट दिसली नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये लक्षणं नसलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या सरसकट चाळणी-तपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. ही सगळी संस्था मुख्यतः तिशी-चाळिशीतल्या माणसांची. सरसकट उपकरण न देण्याचं ठरलं, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

त्याऐवजी रक्तदाब, मधुमेह किंवा दम-धडधड-थकवा असलेल्या प्रत्येकाची नाडी वर्षातून एकदा पूर्ण मिनिटभर हाताने पाहायची, आणि ती बेताल लागली तर त्याच दिवशी ईसीजी, असं ठरलं.

काय वेगळं करता आलं असतं

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीची तत्त्वं मांडली. सापडलेल्याचं निदान आणि उपचार करण्याची सोय आधी हवी, हे त्यातलं एक. इथे उपकरण आलं आणि मग नियम लिहिले गेले. तेही लाल-पिवळ्यासाठीच. हिरवी पट्टी आणि सोबत तक्रारी असलेल्या माणसाचं काय, तुटलेल्या सिग्नलचं काय, हे दोन प्रश्न कागदावर असते तर सिस्टरांच्या सवयीवर विसंबावं लागलं नसतं. त्या दिवशी त्यांच्या जागी नवखी व्यक्ती असती तर बाई हिरवा कागद घेऊन घरी गेल्या असत्या.

पुरवठादाराला खरेदीआधी एकच प्रश्न विचारायला हवा होता: लय अनियमित असेल तर ताणाचा आकडा दाखवता की रोखून धरता? नंतर विचारल्यावर त्यांनी सॉफ्टवेअर बदलायची तयारी दाखवली. अनियमितता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की आता ‘ताण मोजता येत नाही, नाडी तपासून घ्या’ असा संदेश येतो.

ताण विचारूनही कळतो. कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची ताण-जाणिवेची प्रश्नावली गेल्या महिन्याभरात गोष्टी आवाक्याबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का, अशा साध्या प्रश्नांवर उभी आहे. पुढच्या फेरीत ती वापरायचं ठरलं आहे. विभागवार ताणाचा नकाशा व्यवस्थापनाला दाखवण्याची कल्पना मात्र सोडून दिली. पाच-सहा माणसांच्या विभागात ‘सरासरी’ कुणाची आहे, हे सगळ्यांना कळतं.

लेखा विभागाचा प्रश्न अजून बाकी आहे. बाईंचा थकवा हृदयाचा निघाला, म्हणून वर्षअखेरीचं ओझं खोटं ठरत नाही. त्यांच्याच शेजारच्या दोघांनी प्रश्नावलीच्या चाचणीत झोप उडाल्याचं लिहिलं आहे. दोघांचीही नाडी नियमित आहे आणि ईसीजी स्वच्छ. पुढच्या हिशेबांच्या आधी तिथे आणखी एक माणूस द्यायचा की कामाची मुदत पुढे सरकवायची, यावर बोलणी चालू आहेत.